तळहातावरचे दात

१

सकाळी मी कुलूप काढून जेमतेम खुर्चीत टेकलो होतो, तोच फोन वाजला. पलीकडे आमचे जुने गिऱ्हाईक, दातांचे डॉक्टर.

"पोस्टमास्तर, दुकान गुंडाळलंत की काय?"

"का हो, डॉक्टर?"

"तुमचं पान बघा. पेशंटला नमुना दाखवायला उघडलं, तर तुमच्या लॅबचे निम्मे दात पडलेत!"

दातांच्या डॉक्टरांचे विनोद तोंड उघडून बसलेल्या माणसालाच ऐकावे लागतात, त्यामुळे ते चांगले आहेत की नाहीत हे त्यांना कधीच कळत नाही. मी हसलो, फोन ठेवला, टॅबलेट उघडला आणि माझं हसू मावळलं.

आमची लॅब दात बनवते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा साचा ओततो आणि साच्यावर कॅप, कवळी, जे हवं ते घडवतो. तयार कामाचे डबे ज्याच्या त्याच्या दवाखान्यात वेळेवर पोचवायचे हे माझं काम, म्हणून मी पोस्टमास्तर. मी आजवर एकही दात घडवलेला नाही, उपटून मात्र घेतले आहेत.

लॅबच्या मालकीण म्हणजे आमच्या बाई. त्यांचा एक नियम आहे. दात तयार झाला की तो ज्यानं केला त्यानं आपल्या उघड्या तळहातावर ठेवायचा आणि फोटो काढायचा. मग वाफेनं धुवून डब्यात, आणि फोटो लॅबच्या नेटवरच्या पानावर. इतर लॅबवाले काळ्या मखमलीवर दात मांडतात, दागिन्यांसारखे. बाई म्हणतात, "मखमलीला लाज नसते, हाताला असते. हातावर ठेवायला लाज वाटेल असं काम माझ्याकडून बाहेर जाणार नाही."

तर असे ते वर्षानुवर्षांचे फोटो. हात आणि दात, हात आणि दात. त्यातले निम्मे नव्हते. पानाचा पासवर्ड लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक, कारण जो तो आपापला फोटो आपापल्या मोबाइलवरून टाकतो. म्हणजे घरभेदी घरातलाच असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तरी न जाणो, नेटचा घोळ असेल म्हणून मी पान पुन्हा उघडलं.

माझ्या डोळ्यांदेखत आणखी एक फोटो गेला.

२

बाई आल्या तेव्हा जावईबापू टॅबलेट घेऊन दारातच उभे होते. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. आमचा ग्रह तसा गरीब आहे, पण त्याला यंत्रांचं भारी वेड. हातानं दात करणं म्हणजे त्याच्या मते पाटीवर पत्र लिहिणं.

"आई, कुणीतरी आपलं पान पुसतंय. मी पासवर्ड बदलतो, लगेच थांबेल."

"थांबा, जावईबापू. दार लावू नका. आत कोण आहे ते आधी बघू द्या."

बाईंनी टॅबलेट घेतला आणि खिडकीशी गेल्या. साठी उलटली आहे त्यांची, पण रंग ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. दातांच्या रंगांची एक पट्टी असते, तिच्यावर पांढऱ्याच्या ढीगभर छटा. मला सगळ्या सारख्या दिसतात. बाई उजेडात एक नजर टाकतात आणि म्हणतात, "ह्या माणसानं सिगरेट सोडलीय, पण अलीकडेच." डॉक्टर पेशंटला विचारतात आणि गार पडतात.

त्या बराच वेळ बोट वर सरकवत राहिल्या.

"फटाक्याचे हात आहेत. धाकटीचे आहेत. माझे सुजलेले सांधे आहेत. नानाचे कुठे आहेत?"

फटाका आणि धाकटी ही आमच्याच दोन कारागिरांची टोपणनावं. आम्ही डोकी घातली. खरंच, जे गेले होते ते सगळे नानाचे हात होते. ते ओळखायला नाव वाचावं लागत नाही. त्याच्या उजव्या अंगठ्यावर भट्टीनं भाजल्याचा एक पांढरा डाग आहे. नाना आमचा पोर्सेलीनचा, म्हणजे भट्टीत भाजून पक्क्या होणाऱ्या चिनी मातीचा, कारागीर. एकटा जीव, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं केलेला दात तोंडात शेजाऱ्यांमध्ये असा मिसळून जातो की पुढच्या खेपेला खुद्द डॉक्टर विचारतात, आपण बसवलेला तो कोणता? असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"कुणीतरी नानाच्या वाईटावर आहे," जावईबापू म्हणाले.

"देव करो आणि तसंच असो," बाई म्हणाल्या.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. नाना आजपासून रजेवर होता, बहिणीकडे जातो म्हणून. बाईंनी त्याला फोन लावला. वाजून वाजून थांबला. बहिणीला लावला. ती शाळेत शिकवते, मधल्या सुट्टीपर्यंत तिचा फोन बंद. मग बाईंनी सगळ्यांना कामाच्या मोठ्या टेबलाभोवती बोलावलं, सगळ्यांचे मोबाइल टेबलावर ठेवायला लावले आणि म्हणाल्या, "हे ज्यानं केलं असेल त्यानं आत्ता सांगून टाकावं. मी त्याचा पगार वाढवते."

एकही हात वर झाला नाही. मला वाटलं, धक्क्यानं बाईंचं डोकं फिरलं.

"पोस्टमास्तर, असा बघू नकोस," मला बाजूला घेऊन त्या हळूच म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी केलं असेल तर ते भांडण आहे. भांडण मिटवता येतं. पण नानानंच केलं असेल, तर तो माणूस जगातून स्वतःला पुसायला निघालाय. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे चोर मागतेय."

"आणि नानाच निघाला तर?"

त्यांनी टॅबलेट माझ्यापुढे धरला. नानाचे थोडे हात अजून उरले होते.

"तर हे संपायच्या आत मला तो समोर हवा."

३

पहिला फटाका. हा प्लास्टरचे साचे ओततो, अधूनमधून कवळ्याही करतो. ह्याचा आवाज आधी येतो, विचार मागाहून. मागे नानानं त्याचा एक साचा बुडबुडे आहेत म्हणून परत केला, तेव्हा ह्यानं भरल्या लॅबमध्ये तमाशा केला होता.

"तू पुसलेस का रे?"

"आईशप्पथ नाही, बाई! मला राग आला की मी बादली आपटतो. मोबाइलमध्ये शिरून एकेक फोटो पुसायला मला सवड आहे का?"

"भांडण मिटलं होतं?"

फटाका जरा ओशाळला. "नानानंच मिटवलं. मेसेज आला त्याचा. म्हणे चूक माझी होती, मनात ठेवू नकोस."

"चूक कुणाची होती?"

"माझीच की. साच्यात बुडबुडे होतेच." मग त्याला आणखी आठवलं. "आणि माझ्या पोरीचा तो शाळेतला जुना फोटो आहे ना, पार पहिलीतला? मागच्या आठवड्यात नानानं तो कुठून तरी उकरून काढला आणि खाली लिहिलं, गुणी पोर आहे, जप तिला. नाना कधी कुणाच्या फोटोखाली काही लिहीत नाही. मला बरं वाटलं."

बाईंनी मान हलवली. "गाडी काढ. नानाच्या घरी जा. दार वाजव, शेजाऱ्यांना विचार आणि लगेच ये."

दुसरे जावईबापू. हातकामाचे फोटो गेले तर यंत्राची वाट मोकळी, हे मलाच काय, भिंतीलाही कळत होतं. ते त्यांनी स्वतःच कबूल केलं.

"आई, माझा फायदा आहे हे मी नाकारत नाही. पण नानाशी आता माझं काही वैर नाही. यंत्राला सगळ्यात जास्त विरोध त्याचा होता, खरं ना? मध्यंतरी तो आपणहून आला. म्हणाला, माझी रंगांची सगळी मिश्रणं तुझ्या कॉम्प्युटरमध्ये भरून घे, म्हणजे मी नसलो तरी अडणार नाही. मला वाटलं, आला माणूस वळणावर."

"तब्येत कशी होती त्याची?"

"किती दिवस तोंड पाडून होता. पण गेला आठवडाभर एकदम शांत, हसतमुख. मी म्हटलं, चला, सुधारला."

बाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. चष्मा स्वच्छ होता.

"तुझं काय रे, पोस्टमास्तर? तुला काय पाठवलं त्यानं?"

"मला? मला काही नाही." मग मला आठवलं. "हां, लॅबच्या सहलीचा एक जुना फोटो पाठवला. लिहिलं होतं, तुझ्याकडे असू दे. मला वाटलं, फोन भरला असेल त्याचा."

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

शेवटी धाकटी. नानाच्या शेजारच्या टेबलावर बसून पोर्सेलीनचंच काम करते. हे नावही नानानंच ठेवलेलं. दुसऱ्या लॅबनं तिला जास्त पगारावर बोलावलं आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. जाताजाता गुरूचं नाव पुसून जायचं, असं जगात घडत नाही असं नाही.

"बाई, मी नाही केलं," ती आत येताच म्हणाली. तिच्या मुठीत काहीतरी होतं.

"मूठ उघड."

नानाचा ब्रश. माझ्यासारख्या अडाण्यालाही त्याचा अर्थ कळला. पोर्सेलीनचा कारागीर एक वेळ घर देईल, पण ब्रश देणार नाही. नानाच्या ब्रशला हात लावला म्हणून एकदा खुद्द बाईंना बोलणी बसली होती.

"परवा दिला," धाकटी म्हणाली. "म्हणाले, तुझा हात आता तयार झाला, ठेव. मला वाटलं, शाबासकी आहे. मी घरी जाऊन नाचले, बाई."

"सगळ्यांना काहीतरी मिळालंय," बाई म्हणाल्या. "आणि प्रत्येकाला वाटलं, हे फक्त मलाच. वेगवेगळं बघितलं तर किती गोड माणूस! सगळं एका ताटात मांडा, मग काय दिसतं बघा."

धाकटी रडवेली झाली, पण जागची हलली नाही. तिची नजर सारखी टॅबलेटकडे जात होती. ती काहीतरी लपवत होती, हे बाईंना दिसलं आणि बाईंना दिसलं हे मला दिसलं.

४

फटाका धापा टाकत परतला.

"कुलूप आहे, बाई. शेजारीण म्हणाली, सकाळीच कुंड्या तिच्या गॅलरीत आणून ठेवल्या. तुमच्याकडेच राहू द्या म्हणाला. हातात पिशवीसुद्धा नव्हती."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. बहीण. बाईंनी विचारलं, ऐकलं, आणि फोन कानापासून दूर न करताच आमच्याकडे बघितलं.

"तिच्याकडे तो येणारच नव्हता. लॅबमध्ये फार काम आहे, सवड नाही, असं त्यानं तिला कळवलं होतं." मग फोनमध्ये, "ताई, मिळेल त्या गाडीनं निघा. हो, आत्ताच. मी शोधतेय त्याला."

आम्ही सगळे टॅबलेटभोवती जमलो. वादीप्रतिवादी, संशयित, सगळेच. सगळ्यांचे मोबाइल टेबलावर समोर. पानावर नानाचा शेवटचा हात होता, एका कवळीखाली. आम्ही बघत असतानाच तोही गेला.

"संपले," जावईबापू कुजबुजले. "आता थांबेल तो. जो कोणी असेल तो."

आणि पुन्हा एक फोटो गेला.

हा नानाचा नव्हता. वरचा समोरचा एकच दात, खाली धाकटीचं नाव. हे काम सगळ्यात अवघड. शेजारी खरा दात असतो, त्यामुळे रंगात जरा फसलं की हसताना पंगतीतला उपरा लगेच कळतो. ह्या एका दातावर धाकटीचं नाव झालं होतं. दुसऱ्या लॅबचं बोलावणंही त्याच्याचमुळे.

"आता धाकटीच्या पाठी लागला!" फटाका ओरडला. "म्हणजे नाना नाही! बाहेरचाच कुणीतरी आहे! बाई, नाना सुखरूप आहे!"

क्षणभर मलाही हायसं वाटलं. चोर सापडला नसला, तरी निदान आहे म्हणायला हरकत नव्हती. पण बाईंचा चेहरा पार उतरला होता.

"धाकटे," त्या फार मऊ आवाजात म्हणाल्या. "तो फोटो मला आधीपासून खुपत होता. इथे प्रत्येक दात तळहातावर असतो. तो तेवढा एक प्लास्टरच्या साच्यावर ठेवून काढलेला. तू हातावर का ठेवला नाहीस?"

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"कारण तो मी केलेला नव्हता. माझा तडकला. निघायची घाई होती, मी भट्टी गरम असतानाच उघडली. गार वारा लागला आणि टिचकन आवाज आला. सकाळी डबा जायचा होता. मी रडत घरी गेले. सकाळी आले तर डब्यात नवा दात. नानांनी थांबून केलेला. मला म्हणाले, तुझाच आहे, कुणाला बोलू नकोस. मी नाव लावलं, बाई. पण हातावर ठेवायला गेले तर हातच पुढे होईना."

"हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"मला आणि नानांना. बस."

बाई खुर्चीत बसल्या. "मग झालं. तू इथे समोर आहेस, तुझा मोबाइल टेबलावर आहे. नानाचा शत्रू असता तर त्यानं नानाचे हात पुसले असते आणि थांबला असता. ज्या दातावर ना नानाचा हात, ना नानाचं नाव, तो नानाचा आहे हे जगात फक्त नानालाच माहीत. चोर मिळाला, पोस्टमास्तर. जो मला नको होता तोच मिळाला."

मागे भट्टी गुरगुरत होती.

"आता त्याला शोधायचं कुठे?" मी विचारलं.

५

"त्यालाच विचारायचं," बाई म्हणाल्या.

"फोन तो उचलत नाहीये."

"फोन उचलत नसेल, पण पान बघतोय. म्हणून तर मी दार लावू दिलं नाही. पासवर्ड बदलला असता तर हा शेवटचा धागाही तुटला असता."

जावईबापू लाल झाले. धाकटी मात्र उठली, तिनं पर्स उघडली आणि कापसात गुंडाळलेला तो तडकलेला दात बाहेर काढला. इतके दिवस जपून ठेवला होता तिनं. तिनं तो आपल्या तळहातावर ठेवला, फोटो काढला, पानावर टाकला आणि खाली लिहिलं: "हा माझा. तडकलेला. तो सुंदर होता तो नानांचा. नाना, कुठे आहात? आम्हाला तुम्ही हवे आहात."

आम्ही सगळे टॅबलेटवर वाकलो. फटाका तर चक्क गप्प होता.

खाली अक्षरं उमटली. "ठेवलास होय तू तो?"

"हो. रोज बघते," धाकटीनं लिहिलं. "कुठे आहात?"

बराच वेळ काही नाही. मग, "बसस्टँडवर. गाड्या येतायत, जातायत."

एवढा उलटसुलट तपास, आणि शेवटी सरळ विचारलं तर त्यानं सरळ सांगितलं. बाई केव्हाच दाराशी पोचल्या होत्या. "धाकटे, तू बोलत राहा त्याच्याशी. काहीही बोल, भट्टीबद्दल बोल, पण थांबू नकोस. जावईबापू, गाडी. पोस्टमास्तर, चल."

गाडीत बाईंनी मला सांगितलं की त्या नानाला थेट विचारणार आहेत. मी हादरलोच. "अहो, असं तोंडावर विचारू नका. डोक्यात नसेल तर भरेल!"

"विचारल्यानं भरत नाही रे. ज्याच्या डोक्यात असतं तो बिचारा वाट बघत असतो, कुणीतरी विचारेल म्हणून. हे मी शिकलेय. कुठे, ते विचारू नकोस."

मी विचारलं नाही.

नाना शेवटच्या बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर मोबाइल. आम्हाला बघून तो उठायला लागला, सवयीनं. बाई त्याच्या शेजारी टेकल्या आणि तोही बसला.

"नाना, सरळ विचारते. तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

समोरून एक गाडी सुटली. कंडक्टर दारातून गावांची नावं ओरडत होता.

"हो, बाई," नाना म्हणाला. "आज." आणि मग त्यानं इतका लांब श्वास सोडला की मला वाटलं, कित्येक महिन्यांचा तो आतच अडकून पडला होता. "तुम्हाला कसं कळलं?"

"हात नसलेला दात पुसलास तू."

नाना किंचित हसला. "तेवढं चुकलंच."

"चुकलं नाही. आपलं काम ओळखल्यावाचून तुला राहवलं नाही, एवढंच."

मग तो हळूहळू बोलत गेला. झोप येत नव्हती. दात रंगावरून परत यायला लागले होते. पट्टी हातात घेतली की सगळ्या छटा राखेच्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणे डोळे ठणठणीत. आपलं सगळ्यांना ओझं झालंय असं वाटायला लागलं. एकदा ठरवलं आणि मन एकदम शांत झालं. बाईंनी मध्ये एकदाही "असं बोलू नकोस" म्हटलं नाही, उपदेश केला नाही, तुला काय कमी आहे असं विचारलं नाही. नुसतं ऐकलं. मी बाईंना रंग ओळखताना खूप वेळा पाहिलं आहे, पण त्या दिवशी त्या बाकावर त्या मला जेवढ्या मोठ्या वाटल्या तेवढ्या कधीच वाटल्या नव्हत्या.

"नाना, हा आजार आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "डोळ्यांचा नाही, एवढंच. ह्यालाही डॉक्टर असतात, औषध असतं. आत्ता जाऊ. मी बरोबर आहे. तुझी बहीण गाडीत बसलीय."

"आणि पुढे?"

"पुढचं पुढे. आज फक्त एकटा राहू नकोस, एवढंच मागते."

नानानं मोबाइल बाईंच्या हातात दिला आणि तो उठला. पडद्यावर धाकटीचे मेसेज येतच होते. शेवटचा होता: "नाना, भट्टी कितीवर आली की उघडायची ते पुन्हा एकदा सांगा ना."

६

पुसलेले फोटो लगेच नाहीसे होत नाहीत. महिनाभर ते त्या ॲपच्या कचरापेटीत पडून असतात, मग कायमचे जातात. जावईबापूंनी हे शोधून काढलं आणि सगळे परत आणायला निघाले.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. "त्याचे हात आहेत ते. त्याला हवे असतील तेव्हा तो आणेल."

"आणि नाही आणले तर?"

"तर नवे काढेल. फोटो गेले तर गेले, जावईबापू. माणूस राहिलाय."

मनातल्या मनात मी म्हटलं, म्हातारी हट्टी आहे. रोज डबे पाठवून झाले की मी गुपचूप ती कचरापेटी उघडून बघायचो. नाना थोडे दिवस दवाखान्यात होता, मग घरी आला. बहीण रजा काढून राहिली. धाकटी कामावरून परस्पर तिकडे जायची. दुसऱ्या लॅबला तिनं आधी त्या दाताचं खरंखुरं सांगून टाकलं आणि मग येत नाही म्हणून कळवलं. फटाका पत्ते खेळायला जायचा आणि हरला की ओरडायचा. नाना म्हणतो, त्या घरात पुन्हा आवाज आला तो फटाक्यामुळे.

एका दुपारी नाना तासभर लॅबमध्ये आला. बाईंनी त्याच्या हातात रंगांची पट्टी दिली. त्यानं बघितली आणि मान हलवली, राख. बाई म्हणाल्या, "बरं." पुढच्या खेपेलाही राखच. बाई म्हणाल्या, "बरं." त्याच्या पुढच्या खेपेला तो खिडकीशी जरा जास्त वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, हा इतरांपेक्षा पिवळट आहे का हो?" बाई "असेल" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर वाचत बसल्या. कॅलेंडर मागच्या महिन्याचं होतं.

महिना संपत आला. त्या दिवशी मी कचरापेटी उघडली. फोटो कमी होत होते. बघता बघता आणखी एक गेला.

"बाई!" मी ओरडलो. "पुन्हा पुसतोय तो! पेटीतूनसुद्धा!"

सगळे धावत आले. बाईंनी माझ्या हातातून टॅबलेट ओढून घेतला, पडद्यावर बघितलं आणि मला म्हणाल्या, "मूर्खा, पान उघडून बघ की!"

मी पान उघडलं. अंगठ्यावर पांढरा डाग असलेला हात. त्यावर दाढ. मग दुसरा हात, त्यावर कवळी. पेटीतून जे जात होतं ते एकेक करून पानावर परत येत होतं. ज्या सावकाशीनं त्यानं पुसले होते त्याच सावकाशीनं नाना ते घरी बसून परत आणत होता, आणि आम्ही सगळे कामधंदा सोडून सिनेमा बघावा तसे बघत होतो. फटाका रडत होता आणि प्लास्टर डोळ्यांत गेलं म्हणून सांगत होता.

शेवटी तो हात नसलेला दात आला. खालचं धाकटीचं नाव तसंच होतं, त्यापुढे नानानं भर घातली होती: "केला मी. तडकलेला जपला तिनं. तेव्हा दोघांचा."

आम्हाला वाटलं, संपलं. पण आणखी एक फोटो आला, नवा. त्यात दात नव्हता. नुसता उघडा, रिकामा तळहात, आणि खाली लिहिलं होतं: "काम ठेवा. सोमवारपासून निम्मा दिवस येतो."

औषधं चालू आहेत, वाईट दिवस अजूनही येतात, पण आता नाना ते बोलून दाखवतो. ते सगळं पुढचं. त्या दिवशी बाईंनी एवढंच केलं: माझ्या टेबलावरच्या डब्यांतून समोरच्या एका दाताचा डबा शोधून काढला, सगळ्यात अवघड, आणि नानाच्या टेबलावर नेऊन ठेवला. धाकटीनं त्याच्याशेजारी ब्रश ठेवला.